पाटाचे पाणी टोकापर्यंत कसे पोहोचेल? मापाने बोला, मिळून बोला



कालव्याला पाणी सुटल्याची बातमी गावात आली, की एकाच चारीवरच्या दोन घरांत दोन तऱ्हा दिसतात. चारीच्या मुखाशी ज्याची जमीन आहे तो जेवून निवांत झोपतो. टोकाशी ज्याची जमीन आहे तो बॅटरी घेऊन बांधावर जाऊन बसतो. पहिल्याला पाणी मिळणारच याची खात्री असते आणि दुसऱ्याला पाणी येईल की नाही याची धास्ती. दोघांनी बियाणे सारखेच घेतले, खताला पैसे सारखेच मोजले, सोसायटीचे कर्जही सारखेच काढले. पण गव्हाचे दाणे एकाच्या घरी भरतात आणि दुसऱ्याच्या घरी चिपाड होतात.

मग टोकाचा शेतकरी तालुक्याला जातो. साहेबांना अर्ज देतो, पुढाऱ्याला भेटतो, एखादे वेळी रस्त्यावर बसतो. साहेब कागद पाहून म्हणतात, "पाणी तर आठ दिवस सोडले होते." शेतकरी म्हणतो, "आम्हाला तर दीड दिवससुद्धा आले नाही." गंमत अशी, की पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. चारीच्या मुखाशी पाणी खरोखर आठ दिवस वाहिले आणि टोकाला खरोखर दीड दिवसच पोहोचले. मधल्या वाटेत ते कोठे गेले, हे दोघांनाही सांगता येत नाही, कारण ते कोणी मोजलेले नसते. जेथे माप नाही तेथे बोलण्याचे भांडण होते, आणि भांडण झाले की बळी तो कान पिळी.

शेतीविस्ताराच्या कामात तीस वर्षे गावोगाव हिंडल्यावर एक गोष्ट मला पक्की दिसली आहे. सरकारी सेवा नुसत्या तक्रारीने सुधारत नाही आणि नुसत्या आदेशानेही सुधारत नाही. सरकार आणि शेतकरी समोरासमोर बसले आणि दोघांच्या मध्ये दोघांना मान्य असलेले एक माप ठेवले, तर मात्र ती सुधारते. पाटाच्या पाण्याइतके याचे चांगले उदाहरण दुसरे नाही. म्हणून आज त्याविषयीच चार गोष्टी सांगतो.

आपल्याकडची जुनी रीत

पाणी मिळून वाटणे हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग, त्यांनाच फड म्हणत. एका फडात एका हंगामात एकच पीक. उसाचा फड वेगळा, भुसाराचा वेगळा, आणि पिकांची पाळी दरसाल फिरती. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी वळवायचे नाही. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनीच, बहुधा धान्याच्या रूपाने, द्यायची. पाट साफ करण्याचे कामही सगळ्यांनी मिळून करायचे.

या रीतीत एक मोठे शहाणपण होते. पाणी देणारा आणि पाणी घेणारा वेगळा ठेवला होता, आणि देणारा सगळ्या गावाला जबाबदार होता. पुढे मोठी धरणे झाली, लांबच लांब कालवे निघाले. एका कालव्यावर शंभर गावे आली. तेथे पाटकरी सरकारचा झाला आणि गावाचा त्याच्याशी असलेला बोलण्याचा धागा तुटला. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ साली झाला, शेजपाळीचे नियम झाले. शेजपाळी म्हणजे टोकाच्या शेतापासून सुरुवात करून शेजारशेजारच्या शेतांना क्रमाने पाणी देत वर मुखाकडे येणे. नियम चांगला आहे. पण रात्री दोन वाजता चारीवर तो पाळला जातो की नाही, हे पाहायला तेथे बहुधा कोणी नसते.

ओझरच्या शेतकऱ्यांनी काय केले?

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टोकाला ओझर परिसर येतो. धरण होऊन कालवा झाला, पण टोकाला पाणी पुरेसे येईना. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तेथील शेतकऱ्यांना एकत्र केले. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. लक्षात घ्या, ही सुरुवात मुखाशी झाली नाही, टोकाशी झाली. ज्याला चटका बसतो तोच आधी उठतो.

या संस्थांनी सरकारपुढे जी गोष्ट ठेवली ती साधी होती. आमच्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्या. जेवढे घनमीटर द्याल तेवढ्याचे पैसे आम्ही भरू. ते पाणी आपापसात कसे वाटायचे, कोणत्या पिकाला द्यायचे, हे आमच्यावर सोडा.

यामुळे दोन्ही बाजूंचे ओझे हलके झाले. पूर्वी कोणाच्या शेतात कोणते पीक किती गुंठ्यांवर भिजले याची मोजदाद सरकारी माणसाने करायची, त्यावर पाणीपट्टी आकारायची आणि मग ती घरोघर वसूल करायची. त्यात वाद ठरलेलाच. आता सरकारने एका ठिकाणी पाणी मोजून द्यायचे आणि एका संस्थेकडून पैसे घ्यायचे. संस्थेने आपल्या सभासदांचा हिशेब ठेवायचा. पाणी मोजून आल्यामुळे ते वाया घालवणे म्हणजे स्वतःचे पैसे वाया घालवणे, हेही कळू लागले. ओझरच्या शेतकऱ्यांनी कालव्याचे पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींचे पाणी वाढवले. विहिरीला पाणी राहिल्यामुळे द्राक्षासारखी पिके उभी राहिली.

टोकाच्या तीन संस्थांचे पाहून कालव्यावरचे इतर शेतकरीही पुढे आले. वाघाड प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्या सगळ्यांची मिळून प्रकल्पपातळीची संस्थाही उभी राहिली. पुढे २००५ साली महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा अधिनियम झाला. जे ओझरला शेतकऱ्यांनी बोलून मिळवले होते, त्याला राज्यभरासाठी कायद्याचा आधार मिळाला.

मात्र एक सांगितले पाहिजे. कायदा झाला म्हणून सगळीकडे ओझर झाले नाही. कित्येक ठिकाणी संस्था नोंदल्या गेल्या, शिक्के तयार झाले, पण कारभार कागदावरच राहिला. जेथे असे झाले तेथे पाहा. बहुधा चारीची दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते, पाणी मोजण्याची चौकट मोडलेली असते किंवा तिचा आकडा कोणी लिहीत नसते. माप मोडले की बोलणे मोडते आणि मग संस्थाही मोडते.

पाणी मोजायचे कसे?

मोजणे म्हटले की आपल्याला वाटते, हे इंजिनियरचे काम. तसे नाही. चारीच्या तोंडाशी सिमेंटची एक चौकट बांधलेली असते, तिला फ्ल्यूम म्हणतात. तिच्या बाजूला सेंटिमीटरचे आकडे लिहिलेली पट्टी असते. पाणी पट्टीवर कोणत्या आकड्याला टेकले ते वाचायचे आणि सोबतच्या तक्त्यात पाहायचे. किती क्युसेक पाणी वाहते ते समजते. तो तक्ता शाखा कार्यालयातून मागून घ्यावा. दहावी शिकलेल्या मुलीला हे एकदा दाखवले तर ती आयुष्यभर विसरणार नाही.

आता क्युसेक म्हणजे काय, हे आपल्या शेताच्या भाषेत समजून घेऊ. एक क्युसेक पाणी एक तास वाहिले, तर साधारण एक एकरावर एक इंच पाणी उभे राहते. म्हणजे एक क्युसेकच्या चोवीस तासांत आठ एकरांना तीन-तीन इंच पाणी मिळेल.

समजा, चारीच्या मुखाशी तीन क्युसेक पाणी जाते आणि टोकाजवळच्या शेवटच्या दारापाशी एकच क्युसेक पोहोचते. या दोन्ही ठिकाणांच्या मध्ये कोणाचीही पाळी चालू नाही. तर मग रोज दोन क्युसेक, म्हणजे सोळा एकरांचे पाणी, वाटेत नाहीसे होत आहे. "आमच्यावर अन्याय होतो" असे शंभरदा म्हणण्यापेक्षा "रोज सोळा एकरांचे पाणी वाटेत जाते" हे एकदा म्हणणे जास्त परिणाम करते. पहिल्या वाक्यावर साहेबांना मान हलवता येते, दुसऱ्यावर त्यांना चारीवर यावे लागते.

चारीवरून मिळून चाला

पाणी कोठे जाते हे खुर्चीवर बसून कळत नाही. त्यासाठी शाखा अभियंता, कालवा निरीक्षक आणि शेतकरी यांनी मिळून मुखापासून टोकापर्यंत चालत जावे. २००५ च्या कायद्यातही चारी संस्थेच्या ताब्यात देण्याआधी अशी संयुक्त पाहणी करायची असते. काय मोडले आहे ते लिहायचे, दुरुस्ती करायची, पाणी सोडून चाचणी घ्यायची आणि मगच करार करायचा, असा क्रम आहे. हा क्रम कोणी गाळू देऊ नये.

एका गावी अशा पाहणीत मी बरोबर होतो. निघताना दोन्हीकडची तोंडे घट्ट मिटलेली होती. पहिल्याच दाराशी लोखंडी झडप वाकलेली निघाली. ती पूर्ण बंदच होत नव्हती. पुढे अस्तर फुटून भराव पोखरला होता. हे काम सरकारचे, हे निरीक्षकांनी मान्य केले आणि वहीत लिहिले. आणखी पुढे गेलो, तर भरावाखालून दोन ठिकाणी पाइप घातलेले. एका ठिकाणी चारीतच रबरी नळी सोडून पाणी विहिरीत उतरवलेले. एके ठिकाणी तर बांध मोठा करण्यासाठी चारीची कड कोरून घेतलेली. हे काम कोणाचे? आपलेच. तेव्हा शेतकऱ्यांच्या माना खाली गेल्या. बरोबर असलेले एक म्हातारे काका म्हणाले, "साहेबांची झडप वाकली, पण आपली नियत वाकली त्याचं काय?" सगळे हसले, आणि त्या हसण्यानंतर पहिल्यांदा नीट बोलणे सुरू झाले.

शेवटी एका कागदावर दोन रकाने झाले. डावीकडे कार्यालयाने करायची कामे, उजवीकडे गावाने करायची कामे, प्रत्येकापुढे तारीख. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. चारीतील गाळ आणि गवत गावाने आठ दिवसांत काढले. पाइप ज्यांचे होते त्यांनी ते स्वतःच उपटले, कारण आता ते कोणाच्या शेतात आहेत हे सगळ्या गावाने पाहिले होते. कार्यालयाकडून झडप बदलून आली, अस्तराचे काम मात्र पुढच्या हंगामावर गेले. सगळेच झाले असे नाही. पण त्या रब्बीत टोकाच्या शेतांना पाणी पोहोचले.

बोलायची वेळ कोणती?

पीक वाळू लागल्यावर बोलणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. पाण्याच्या बाबतीत बोलण्याची वेळ ऑक्टोबरची आहे. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे यावरून रब्बी आणि उन्हाळी हंगामाचा पाण्याचा कार्यक्रम आखला जातो. पाणी किती पाळ्यांत आणि कधी सोडायचे हे त्यानंतर ठरते. मोठ्या आणि मध्यम प्रकल्पांवर कालवा सल्लागार समिती असते, तिच्यात याचा विचार होतो. कार्यालय पाण्यासाठी अर्ज मागवते, ते नमुना सातवर भरायचे असतात. हे अर्ज शेतकऱ्यांनी वेळेवर भरले नाहीत, तर मागणीच दिसत नाही. मग पाणी कोणासाठी सोडायचे?

या बैठकीत आपण काय मागावे? "पाणी लवकर सोडा" असे मोघम मागू नये. पिकाच्या गरजेप्रमाणे तारखा मागाव्यात. गहू १० नोव्हेंबरला पेरला असे धरू. त्याला पाणी लागते ते असे :

पहिले, मुकुटमुळे फुटताना, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी. म्हणजे २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर.

दुसरे, कांडी धरताना, ४० ते ४५ दिवसांनी. म्हणजे २० ते २५ डिसेंबर.

तिसरे, फुलोऱ्यात, ६० ते ६५ दिवसांनी. म्हणजे ९ ते १४ जानेवारी.

चौथे, दाणे भरताना, ८० ते ८५ दिवसांनी. म्हणजे २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी.

सुमारे तीन-तीन आठवड्यांची ही पाळी आहे. कार्यालयाच्या कागदावर पहिले आवर्तन १० डिसेंबरला असेल, तर मुकुटमुळांची वेळ निघून जाईल आणि फुटवे कमी येतील. हे पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्याला आपोआप कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचे शिक्षण धरणाचे आहे, गव्हाचे नाही. म्हणून या बैठकीला कृषी खात्याच्या माणसालाही बोलवा. दोन खाती एका बाकावर बसवण्याचे काम पुष्कळदा शेतकऱ्यालाच करावे लागते.

धरण अर्धेच भरले असेल तर? तेव्हाही बोलण्याने वाट निघते. गव्हाला दोनच पाणी मिळणार असतील, तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. एकच मिळणार असेल, तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. हरभऱ्याचे तर ३० ते ३५ आणि ६० ते ६५ दिवसांच्या दोन पाण्यांवर भागते. पाळ्या किती मिळणार हे पेरणीआधी कळले, तर टोकाचा शेतकरी गव्हाऐवजी हरभरा धरेल आणि घरात काही येईल. पेरणीनंतर कळले, तर बियाणेही गेले आणि कर्जही राहिले. पाणी कमी आहे हे वेळेवर, खरेपणाने सांगणे हीदेखील सरकारची एक सेवाच आहे. ती आपण मागून घेतली पाहिजे.

घरातल्या माउलीचे म्हणणे

पाण्याच्या बैठकीत बहुतेक पुरुषच दिसतात. पण पाणी रात्रीचे आले की दारे धरायला नवऱ्याच्या बरोबरीने घरची बाईही जाते. विंचूकाट्याची भीती, थंडी, घरी निजलेली लहान मुले, सकाळी पुन्हा धारा काढायच्या आणि डबे करायचे. हे दुःख बैठकीच्या कागदावर येत नाही, कारण ते सांगणारी तेथे नसते. पाळीचा क्रम फिरता ठेवला, म्हणजे या आवर्तनात ज्याची पाळी रात्री आली त्याची पुढच्या वेळी दिवसा येईल अशी व्यवस्था केली, तर हा भार सगळ्यांत वाटला जातो. याला पैसा लागत नाही. फक्त कोणी तरी बोलावे लागते.

नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावयाची असते, ही तरतूद आपल्या कायद्यात आहे. त्या सभेत हा विषय मांडावा आणि तिचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा. आणखी एक. पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीच्या नावावर अवलंबून असते. सात-बाऱ्यावर घरच्या बाईचे नाव असेल, तर तिला तेथे बसायचा आणि बोलायचा हक्क आपसूक मिळतो. घरातल्या कर्त्या माणसाने याचा शांतपणे विचार करावा.

इतर सेवांनाही हेच लागू

पाण्याला क्युसेकचे माप, तसे सरकारी कामाला दिवसांचे माप. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम झाला. जाहीर केलेली सेवा किती दिवसांत द्यायची, ती कोणी द्यायची आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावायचा असतो. अर्ज दिल्यावर तारीख असलेली पोच घ्यावी. तीच आपली मोजपट्टी. काम नाकारले तर कारण लेखी द्यावे लागते. त्यावर पहिले आणि दुसरे अपील त्याच खात्यात आणि तिसरे आयोगाकडे करता येते. विनाकारण उशीर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रस्ता, बंधारा, शाळेची खोली यांचे माप अंदाजपत्रकात असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने, दहा रुपये शुल्क भरून त्याची प्रत मागता येते. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. पण हा अर्ज कोणाला छळायला करू नये. माप हाती घ्यावे, ग्रामसभेत ठेवावे आणि संबंधित माणसाला समोर बसवून विचारावे. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. तेथे नुसती सही करून परतणे म्हणजे बाजारात जाऊन रिकाम्या पिशवीने घरी येणे. गावात प्रश्न सुटलाच नाही, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तेथेही कागद आणि माप घेऊनच जावे.

नोकरीतल्या माणसाची बाजूही सांगतो. एका निरीक्षकाकडे कितीतरी मैलांचा कालवा असतो. वरून आदेश येतात, खालून शिव्या येतात. शेतकरी फक्त शिवी देणार असेल, तर तो माणूस गावात यायचे टाळतो. शेतकरी वही दाखवणार असेल, तर त्याला वरच्या कार्यालयात सांगायला आधार मिळतो. "माझ्या चारीवर रोज दोन क्युसेकची गळती आहे, शेतकऱ्यांनी मोजली आहे," असे तो लिहू शकतो. चांगल्या कर्मचाऱ्याचे हात बळकट करणे आणि कामचुकाराला पळवाट न ठेवणे, ही दोन्ही कामे तुमची एक वही करते.

एवढे करून पाहा

१. चारीवरच्या सगळ्या खातेदारांची यादी करा. टोकाचे चार, मधले चार आणि मुखाचे चार असे बारा जण मिळून बोला. नुसते टोकाचे बोलले की ते भांडण ठरते.

२. दोनशे पानी एक वही घ्या. तारीख, वेळ, मुखाशी पट्टीवरचा आकडा, टोकाशी पट्टीवरचा आकडा आणि पाळी कोणाची, असे पाच रकाने आखा. टोकाशी पट्टी नसेल, तर ती बसवून मागणे ही पहिली मागणी ठेवा. आवर्तन चालू असताना दिवसातून तीनदा लिहा. लिहिण्याचे काम गावातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना द्या.

३. सप्टेंबरअखेर कार्यालयाला पत्र देऊन संयुक्त पाहणीची तारीख मागा. पत्राची पोच जपून ठेवा.

४. पाहणीनंतर दोन रकान्यांचा कागद करा. सरकारची कामे आणि आपली कामे. आपली कामे आधी पुरी करा. स्वतःच्या बाजूचा रकाना पुरा झालेला असला, की दुसऱ्या रकान्याबद्दल जोराने बोलता येते.

५. ऑक्टोबरच्या बैठकीत पिकाप्रमाणे तारखा मागा आणि ठरलेल्या तारखा चावडीवर लिहून लावा.

६. पाणीपट्टी वेळेवर भरा. थकबाकीदाराचे बोलणे कोणी ऐकत नाही.

७. हंगाम संपला की मार्चमध्ये पुन्हा सगळे बसा. वहीतले आकडे वाचा. कोठे सुधारले आणि कोठे नाही, ते साहेबांसमोरच पाहा. पुढच्या सालाची यादी तेथेच करा.

हे एका वर्षात पूर्ण होईल असे मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी वही नीट राहणार नाही. एखादा साहेब बदलून जाईल आणि नव्याला सारे पहिल्यापासून सांगावे लागेल. पण तेव्हा तुमच्या हातात मागच्या सालाचे आकडे असतील, आणि साहेब बदलले तरी आकडे बदलत नाहीत. गाव करी ते राव न करी, असे आपले जुने लोक म्हणत. गावाने मिळून धरलेल्या मापालाही ते लागू आहे.

तुमच्या चारीवर पाणी मोजण्याची चौकट आहे का, आणि तिच्या पट्टीवरचे आकडे वाचता येतात का, हे उद्या सकाळी जाऊन पाहा. आकडे पुसले असतील, तर रंगवून देण्याचा अर्ज आजच लिहा आणि त्यावर टोकाच्या शेतकऱ्याबरोबर मुखाच्या शेतकऱ्याचीही सही घ्या.